रोटाची नववी मूठ

शिरपूरच्या एका वाचक ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या पुस्तक भिशीत एक रहस्यमय प्रेमकादंबरी वाचली गेली. मुंबईत वाढलेली नायिका आजोबा वारल्यावर चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या वाड्यात येते. शेजारच्या मळ्यात केळी लावणाऱ्या तरुणाशी तिचं जमतं. मग माडीवरच्या पेटीत आजोबांचं 1988 चं मृत्युपत्र सापडतं. त्यातून आजोबांची पहिली बायको कळते आणि हा तरुण तिचा नातू, म्हणजे नायिकेचा चुलत भाऊ निघतो. शेवटच्या वीस पानांत त्या पहिल्या बायकोचं पत्र हाती लागतं. तिचा मुलगा पोटचा नव्हता, दत्तक होता. रक्ताचं नातं नाही म्हटल्यावर लग्न लागतं आणि कादंबरी संपते. भिशीतल्या बाकीच्या बायका रडल्या, ताईंना मात्र फसवल्यासारखं वाटलं. त्या लिहितात, "तुम्ही आयुष्यभर वाटणीचे दावे चालवलेत. घराघरांत अशी गुपितं खरंच असतात का, की माझंच मन कोरडं झालंय?"

ताई, मन कोरडं झालेलं नाही. तुम्हाला जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे.

ही कादंबरी मी 2024 च्या फेब्रुवारीत घेतली होती, अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा. खानदेशातली प्रेमकथा म्हणून हौसेने घेतली आणि ती कपाटात राहून गेली. तुमचा प्रश्न आल्यावर दोन रात्रींत वाचून काढली. एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात काढल्यामुळे कोणत्याही घराची गोष्ट हातात आली की मी आधी कोऱ्या कागदावर वंशावळ मांडते. मूळ पुरुष वर, त्याखाली मुलगे-मुली, त्यांच्याखाली त्यांची मुलं, गेलेल्यांच्या नावापुढे 'मयत'. वाटणीच्या दाव्याला ती जोडावीच लागते. या कादंबरीचीही मी मांडली, आणि पुढचं बरंचसं तिच्यावरूनच सांगते आहे.

आधी लेखकाला काय साधलंय ते सांगते, कारण साधलंयही बरंच. ती दोघं पहिल्यांदा नीट बोलतात ती वैशाखातल्या दुपारी दोनला, केळीच्या बागेत. मुंबईच्या वाचकाला वाटेल की एवढ्या उन्हात कोण भेटतं? पण आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा गाव दारं लावून आत असतं, रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि पाणी सोडलेल्या केळीत मात्र गारवा असतो. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात कुणाच्या नजरेला न पडता भेटायचं असेल तर याहून चांगली वेळ आणि जागा नाही. लेखकाने हे कुठूनतरी नीट पाहिलेलं आहे. अंगणातला फणस आणि वाड्यावरची कौलं तेवढी तापीकाठची नव्हेत. आपल्याकडे मातीची धाबी, म्हणजे सपाट छपरं. ते सोडून देऊ.

दुसरी साधलेली जागा आत्याची. आत्या धाब्यावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपल्याकडचे पापड, वाळत घालते आहे. खाली मागच्या दाराशी ही दोघं उभी आहेत, तो तिच्या हातातून पाण्याची कळशी घेतो आहे. आत्या वरून पाहते. तिच्या हातात ओला बिबडा आहे, तो ती परत परातीत ठेवते आणि जिना उतरून आत निघून जाते. पुढच्या ओळीत कावळा बिबड्यांवर उतरतो आणि त्याला हाकलायला कुणी येत नाही. एवढंच. अर्धं पान आहे. बिबडे घालायला बसलेली खानदेशी बाई काम अर्धं टाकून उठते म्हणजे काय झालं असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. आता खरी गोष्ट सुरू होईल असं मला वाटलं होतं. लेखक त्या पानाकडे परत येतच नाही. आत्याला काय माहीत होतं, किती दिवसांपासून, तिने का सांगितलं नाही, यातलं काही नाही. सरळ पेटी उघडते.

आता दत्तकाचं. कादंबरीतली वर्षं मी मांडून पाहिली. आजोबांचं पहिलं लग्न 1944 चं. मूल होत नाही म्हणून 1950 साली तीन वर्षांचा मुलगा दत्तक घेतात, यथासांग विधी करून. 1952 मध्ये आजोबांची आई 'आपल्या रक्ताचं हवं' असा हट्ट धरते, दुसरं लग्न होतं, आणि पहिली बायको मुलाला घेऊन मळ्यातल्या घरात राहायला जाते. आजोबा जातात 2018 मध्ये. म्हणजे अडुसष्ट वर्षं तो मुलगा दत्तक आहे हे गावात एकालाही माहीत नाही.

ताई, जुन्या घरात दत्तकाइतकी उघड गोष्ट दुसरी नव्हती. ती मुद्दाम उघड करत. मूल देणारे चारचौघांसमोर आपलं लेकरू उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवतात. हे देणं आणि घेणं झालं की नाही, हेच कोर्ट आधी बघतं. भाऊबंदांना तर आग्रहाने बोलावत, कारण उद्या जमिनीवर हरकत घेणार ते तेच. दत्तकाच्या दाव्यांत मी जे म्हातारे साक्षीदार तपासले त्यांना तारीख आठवत नसे, पण पोराच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता आणि ते आईकडे परत पळालं तेव्हा त्याला कुणी धरलं, हे आठवत असे. ज्या समारंभाचा हेतूच सगळ्यांना कळावं हा होता, तो लेखकाने गुपित म्हणून पेटीत घातला. तुमच्या मनाने तिथेच हरकत घेतली असणार.

याहूनही मोठी अडचण आहे. दत्तक निघाल्याने ही दोघं मोकळी होतच नाहीत. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याच्या कलम 3 मध्ये कोणत्या नात्यात लग्न होत नाही ते दिलेलं आहे, आणि दोन भावांची मुलं त्यात स्पष्ट आहेत. त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की नातं म्हणजे जसं रक्ताचं तसंच दत्तकाचं. आई वेगळी असली तरी नातं, अनौरस असलं तरी नातं. रूढी असेल तर सूट मिळते, म्हणून आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. पण चुलत भावंडांत अशी रूढी आपल्या भागातल्या या समाजांत नाही. असं लग्न मुळातच रद्दबातल. आणि 1956 चा दत्तकाचा कायदा सांगतो की दत्तक गेलेल्या मुलाला जन्मघरातही ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी पुढेही करता येत नाही. दत्तक माणूस दोन्ही घरांना बांधलेला असतो. लेखकाने जो कागद गाठ सोडवायला आणला, त्यानेच ती आवळली जाते.

कादंबरी म्हणजे काही कायद्याचं पुस्तक नव्हे, असं भिशीत कुणी म्हणेल. मलाही मान्य आहे. कायद्यातली चूक मी कितीतरी चांगल्या पुस्तकांना माफ केली आहे. पण इथे कायदा जे म्हणतो तेच मनही म्हणतं. मांडीवर घेतलेलं लेकरू घरचं झालं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. जिने नवरा सोडला पण मुलगा सोडला नाही, मळ्यातल्या घरात एकटीने त्याला वाढवलं, तीच बाई शेवटच्या पत्रात लिहिते की तो माझा नव्हताच. आणि कादंबरी या वाक्यावर सनई वाजवते. नायकाच्या बापाचं काय झालं असेल हे वाचून? तो तेव्हा सत्तरीचा आहे, जिवंत आहे, त्याच घरात आहे. त्याच्या वाट्याला लेखकाने एक ओळही ठेवलेली नाही. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं ते बहुधा त्याच्या वतीने वाटलं.

आता 1952 च्या लग्नाकडे येते, कारण लेखकाच्या हातात सोनं होतं आणि त्याला ते दिसलं नाही. कादंबरीत एक वकील नायिकेला सांगतो की त्या काळी दोन बायका करायला आडकाठी नव्हती, बंदी 1955 च्या कायद्याने आली. देशाच्या बऱ्याच भागांपुरतं हे चालेल, आपल्यापुरतं नाही. पूर्व खानदेश, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, तेव्हा मुंबई राज्यात होता, आणि मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी घालणारा कायदा 1946 सालीच झाला होता. त्याला हायकोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि 1951 मध्ये मुंबई हायकोर्टाने तो कायम केला. कायदा होता म्हणून खेड्यांतली दुसरी लग्नं थांबली असं नाही. मी स्वतः अशा किती घरांच्या वंशावळी मांडल्या असतील! पण कागदावर बघायचं तर पहिली बायको हयात असताना 1952 मध्ये चोपडा तालुक्यात झालेलं लग्न रद्दबातल आहे.

म्हणजे कायद्याच्या नजरेत बायको ठरत नाही ती नायिकेची सख्खी आजी. मळ्यातली नव्हे, वाड्यातली. जिने साठ वर्षं चाव्या कमरेला लावल्या, हळदीकुंवाला सगळ्या भाऊबंदकीत आधी जिला कुंकू लागलं, ती. नायिका सगळी कादंबरीभर 'त्या दुसऱ्या घराचं' गुपित शोधत हिंडते आणि गुपित आहे तिच्याच घराचं. तिच्या वडिलांच्या आणि आत्याच्या हक्काचं पुढे काय होतं हा वेगळा आणि लांबचा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. पण आत्या धाब्यावरून का उतरली, याचं एक उत्तर इथे मिळतं. मळ्यातल्या माणसांशी सोयरीक व्हायची तर जुने कागद निघणार, आणि ते निघाले की तिच्या आईचं नाव खाली येणार.

मृत्युपत्राबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण माझं उत्तर खरं म्हणजे तिथूनच सुरू होतं. पेटीतला तो कागद आजोबांनी एकट्याने रात्री कंदिलाच्या उजेडात लिहिला, खाली सही केली आणि कुलूप घातलं, असं वर्णन आहे. वाचायला छान आहे. पण अशा मृत्युपत्राला काही किंमत नाही. 1925 च्या वारसा कायद्याचं कलम 63 सांगतं की मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. करणाऱ्याने सही केली हे त्यांनी पाहिलेलं हवं, किंवा सही माझीच आहे असं त्याने त्यांना सांगितलेलं हवं. नोंदणी नसली तरी चालतं, साक्षीदार नसले तर नाही. त्या साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असायलाच हवा असं नाही. पण खेड्यात 1988 साली एका मोठ्या शेतकऱ्याने दोघांना ओसरीवर बोलावून कागदावर सह्या घेतल्या, तर दोघंही घरी जाऊन जेवताना गप्प बसले असतील का? त्यांच्या बायकांनी विचारलं नसेल?

मला या धंद्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. घरचं गुपित म्हणून जो कागद समोर येतो, त्याच्यावर नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो. मृत्युपत्रावर दोघांचा. खरेदीखतावर दस्त लिहिणाऱ्याचा. फेरफारावर तलाठ्याचा, आणि त्याची नोटीस चावडीवर लागते ती सगळं गाव वाचतं. कादंबरीतलं ते सहा पानी पत्रच घ्या. पहिली बायको खेड्यातली, शाळेत न गेलेली, घरात अहिराणी बोलणारी. पत्र मात्र शुद्ध प्रमाण मराठीत, 'वेदनांचे काहूर' वगैरे शब्दांसह. लेखकाला वाटलं असेल की भावना उंच असली की भाषा उंच हवी. खरं तर अशा बाईने पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलं असतं. शाळेत जाणाऱ्या शेजारच्या पोराकडून, पोस्टमनकडून. तो पोरगा आज साठीचा असेल, गावातच असेल, आणि नायिका वाड्यात आल्यापासून रोज तिला येता-जाता पाहत असेल. लेखकाने त्याला गाठलं असतं तर!

कोर्टाबाहेरचं एक सांगते. साधारण पंचवीस वर्षं झाली. गाव सांगत नाही, तपशील थोडे बदलले आहेत, आणि ज्यांची ही गोष्ट आहे ती माणसं आता नाहीत. तीन भावांचा वाटणीचा दावा होता, मी त्यांच्या आईची वकील. बाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी धरलेल्या, तालुक्याला येणं शक्य नव्हतं. म्हणून कैफियतीवर, म्हणजे दाव्यातल्या लेखी उत्तरावर, अंगठा घ्यायला मीच गावी गेले. श्रावण होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिला दोन दिवस राहिले होते.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. कानबाई ही आपल्याकडची देवी आणि रोट हा तिचा नैवेद्य. कानबाईच्या रोटांचं धान्य घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. गहू आणि हरभऱ्याची डाळ. चक्कीवाल्याला आधी सांगून ठेवतात, तो चक्की धुऊन-पुसून मगच ते दळण घेतो. आणि रोट खायचे ते भाऊबंदांनीच.

बाई ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या, पुढे धुतलेलं पांढरं फडकं. एक भरलेली मूठ गहू, मग वर पाव मूठ. प्रत्येक मुठीला ओठ हलत होते, नाव घेत होत्या. मोठा, मधला, धाकटा, मग नातू. माझ्या पिशवीत वंशावळ होती, तिच्यात हयात पुरुष आठ. सवयीने मी मोजत होते. आठवी मूठ पडल्यावर त्या थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि नववी काढली. या वेळी ओठ हलले नाहीत.

मी विचारलं, "माय, हाई मूठ कोना नावनी शे?" ही मूठ कुणाच्या नावाची आहे?

चुलीपाशी थोरली सून होती. ती हंडा उचलून पाण्याला निघाली. हंडा भरलेला होता, तिच्या पायावर पाणी सांडलं. बाईंनी फडक्याची चार टोकं गोळा केली, गाठ मारली आणि म्हणाल्या, "शे एक."

चार महिन्यांनी मला पक्षकार करून घ्या म्हणून एका माणसाचा अर्ज दाव्यात आला. चाळिशीचा, शेजारच्या तालुक्यात राहणारा, बाईंच्या नवऱ्याचा दुसऱ्या घरचा मुलगा. तिन्ही भावांच्या वकिलांनी हरकत घेतली. पण तिघांपैकी एकाही भावाने शपथेवर 'हा कोण, आम्ही ओळखत नाही' असं सांगितलं नाही. मी त्यांचे चेहरे पाहत होते. आश्चर्य कुणाच्याच तोंडावर नव्हतं. त्यांना माहीत होतं, त्यांच्या बायकांना माहीत होतं, दरवर्षी ते दळण दळणाऱ्यालाही माहीत असणार, कारण तोही त्याच गावचा आणि त्यालाही मुठी मोजता येत होत्या. माहीत नव्हतं ते फक्त तालुक्याहून आलेल्या वकीलबाईला. प्रकरण तडजोडीने मिटलं, त्याला दोन एकर मिळाली. तडजोडीच्या कागदावर अंगठा घ्यायला गेले तेव्हा बाईंनी मला त्याचं नाव वाचून दाखवायला सांगितलं, आणि माझ्यामागून ते एकदा स्वतः म्हटलं. तोवर मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. ज्या बाईला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, तीच दरवर्षी कानबाईला त्याची मूठ घालत होती. सवतीच्या पोरासाठी तिने असं का करावं? घरच्या पुरुषाचं नाव देवापुढे वगळलं तर काही होईल ही भीती, की नवऱ्याला दिलेला शब्द, की लेकरू शेवटी लेकरू? मला आजही नक्की सांगता येत नाही.

तुम्ही विचारलंत, अशी गुपितं असतात का. असतात, ताई. पण ती अशी असतात. घरात दहा माणसांना ठाऊक, गावात शंभरांना, आणि तरी एकही शब्द नाही. कौटुंबिक रहस्याची कादंबरी हातात घेतली की मी एवढंच बघते: गुपित कुणाकुणाला माहीत होतं, आणि माहीत असूनही रोज त्या घरात वावरताना ती माणसं काय करत होती. पुस्तक संपल्यावर मागे जाऊन पुन्हा वाचलं तर त्यांचं एखादं काम अर्धं टाकणं, भरला हंडा घेऊन पाण्याला जाणं, विषय बदलून गुराढोरांचं बोलणं, हे सगळं नव्याने दिसायला लागतं. तसं दिसलं तर शेवट दुःखाचा असो की लग्नाचा, वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही. या कादंबरीत मागे जाऊन बघायला आत्याचं ते अर्धं पानच आहे.

आणि प्रेमकथा म्हणून तर हे फारच जाचक झालं असतं. विचार करा, सगळ्या गावाला माहीत आहे की ही दोघं चुलत भावंडं आहेत, आणि माहीत नाही ते फक्त या दोघांना. किराणा दुकानदार दोघांना एकत्र बघून हिशेब चुकतो. केळीत पाणी भरणारा सालदार दुपारी दोनला मुद्दाम मोठ्याने खोकत येतो. म्हाताऱ्या बायका नायिकेला मायेने जवळ बसवतात, तिच्या केसांवरून हात फिरवतात आणि काही न बोलता उठतात. वाचकाला तिसऱ्या प्रकरणातच शंका येते, नायिकेला विसाव्यात. मधली सोळा प्रकरणं श्वास रोखून वाचली असती आपण.

मग सुटका कशी करायची? लग्नच हवं असेल तर एक वाट होती, आणि ती माझ्या मते दत्तकापेक्षा कितीतरी चांगली आहे. तो मुलगा दत्तक नसता, पहिल्या बायकोने आधीच्या घरून सोबत आणलेला असता, तर? लहान वयात विधवा झालेली मुलगी, कडेला पोर, आणि आजोबांनी तिच्याशी पाट लावला. असे पाट आपल्याकडे अनेक समाजांत सर्रास होत. आजोबांनी पोराला आपलं नाव दिलं, शाळेच्या रजिस्टरात बाप म्हणून स्वतःला लावलं, पण दत्तविधान कधी केलं नाही. मग तो ना रक्ताने या घरचा, ना दत्तकाने. त्याच्या मुलाला या घरातल्या मुलीशी लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही.

पण आता जमीन बघा. मृत्युपत्राने जमीन कुणालाही देता येते, नातं लागत नाही. ते मृत्युपत्र साक्षीदारांअभावी पडलं, की नायकाच्या बापाला जमीन मागायला एकच रस्ता उरतो. मी या घरचा मुलगा आहे असं कोर्टात शपथेवर सांगायचं, शाळेचा दाखला पुढे करायचा. आणि मुलाचं लग्न व्हायचं असेल तर नेमकं उलटं सांगायचं, मी या घरचा नाही. जमीन मागायची तर नायकाने नायिकेचा भाऊ व्हायचं, लग्न करायचं तर दोघा बापलेकांनी परकं व्हायचं. सत्तर वर्षं ज्याने आजोबांचं नाव लावलं त्या म्हाताऱ्याने मुलाच्या सुखासाठी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून 'ते माझे वडील नव्हते' असं म्हणायचं. ते वाक्य त्याने म्हणावं की नाही, मुलाने त्याला म्हणू द्यावं की नाही, नायिकेने ते ऐकून त्या घरात सून म्हणून जावं की नाही, यातल्या प्रत्येकावर एकेक प्रकरण उभं राहतं. प्रेम आणि गुपित एकाच जागी बांधलेलं असतं. आत्ताच्या कादंबरीत गुपित फक्त अडथळा होऊन येतं आणि पत्र सापडलं की बाजूला सरकतं.

आत्याचं एक राहिलं. आजोबांनंतर वारस म्हणून वाड्यात चर्चा होते ती नायिकेच्या वडिलांची आणि मळ्यातल्या घराची. आत्याला कुणी विचारतच नाही, लेखकही नाही. मुलगी बापाच्या स्वतःच्या मिळकतीत पहिल्या वर्गाची वारस 1956 पासून आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने तिला वडिलार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीने आणलं. तिच्या आईचं लग्न कोर्टात टिकतं की नाही हा प्रश्न आहेच, पण तो उठेपर्यंत वारस नोंदीत तिचं नाव लागणार, किंवा तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घ्यावी लागणार. म्हणजे आत्याच्या गप्प बसण्याला एकरांत मोजता येईल अशी किंमत होती. ती बाई त्या घरात सगळ्यात जास्त जाणत होती आणि तिची सही सगळ्यात शेवटी आठवली असती. माझ्याकडे अशा बहिणी येतात. फाइल भावाची असते, त्या नुसत्या सोबत येतात, बाकावर कडेला बसतात आणि सही कुठे करायची तेवढं विचारतात.

भिशीत या पुस्तकावर पुन्हा बसणार असाल तर शेवटची वीस पानं वाचू नका, सगळ्यांना ती पाठ आहेत. आत्याचं धाब्यावरचं अर्धं पान कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. तुमच्यात हक्कसोडीवर सही केलेल्या तिघी-चौघी तरी असतील. आत्या जिना उतरून आत गेली ती काय करायला गेली असेल, हे त्यांना विचारा. मला तीन उत्तरं सुचली आहेत. चौथं त्यांच्यापैकी कुणाकडे निघालं तर मला जरूर कळवा.